कानस घसरते तो कोयता

नवरात्र लागलं की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात लोहाराच्या भट्टीला उसंत नसते. दसरा उलटला की मुकादमाचे ट्रक येतात आणि उचल घेतलेली माणसं बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अशा वेळी हातातला कोयता दगा देणारा निघाला, तर पाच-सहा महिन्यांच्या हंगामाचं गणित तिथंच बिघडतं.

त्या भागातल्या एका अण्णा लोहाराची ही गोष्ट. खरं तर त्याच्या पोराची.

अण्णा कोयता करायचा तो ट्रकच्या कमानपाट्याचा. भंगारवाल्याकडनं तुटके पाटे किलोवर आणायचे, तापवायचे, ऐरणीवर धरायचे. घण मायच्या हातात. अण्णानं हातोडीनं ठिकाण दाखवायचं आणि मायनं नेमका तिथंच घण घालायचा. दोघं दिवसभरात चार शब्द बोलत असतील-नसतील. पातं घडून झालं की त्याला पाणी पाजायचं. म्हणायचं पाणी, पण अण्णा वापरायचा ट्रॅक्टरचं जळकं ऑइल, फुटक्या डब्यात भरलेलं.

हे पाणी पाजणं बघण्यासारखं होतं. पातं तांबडंलाल झालं की अण्णा तारेला बांधलेला जुन्या स्पीकरचा चुंबक त्याला लावून बघायचा. चुंबक चिकटला तर अजून वेळ आहे. चिकटेनासा झाला आणि त्यावर थोडी आणखी आच मिळाली की पातं तयार. मग फक्त धारेची बाजू ऑइलात. पाठ वर, अजून लालच. धार थंड झाली की पातं बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घाईघाईनं घासायचं, म्हणजे पांढरं लोखंड उघडं पडतं. आता नजर हलवायची नाही. पाठीत राहिलेली आग हळूहळू धारेकडं उतरायला लागते आणि तिच्यापुढं रंग चालत येतात: आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा. धारेवर तपकिरी मोडून जांभळा डोकावला रे डोकावला, की पातं सगळं ऑइलात. एका श्वासाचा उशीर झाला तर धार मऊ पडली. घाई झाली तर काय होतं, तीच ही गोष्ट आहे.

पोरगा आयटीआय करून शहराजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला होता. काम हीट ट्रीटमेंटचं. त्याची ड्यूटी पहिल्या भट्टीवर: माल लाल करायचा, टाकीत बुडवायचा, काढायचा. तिथं कठीणपणा मोजायचं मशीन होतं. हिऱ्याचं टोक पोलादावर दाबायचं आणि काटा किती आकडा दाखवतो ते लिहायचं. साठाच्या वर आकडा आला की साहेब मान हलवायचा. तिथून माल ट्रॉलीत बसून पुढच्या शेडमध्ये जायचा. त्या शेडमध्ये काय चालतं ते पोरानं कधी पाहिलं नाही. पहिल्या भट्टीवरच्या माणसाला तिकडं काम नव्हतं, आणि आमच्याकडं काम नसलेल्या शेडमध्ये डोकावणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही.

कंत्राट संपलं, पोरगा गावी आला. नवरात्रात बापाच्या शेजारी त्यानं आपली वेगळी भट्टी मांडली. ब्लोअर लावला, प्लॅस्टिकचं अर्धं पिंप कापून त्यात गार पाणी भरलं आणि वर चार पसे खडेमीठ टाकलं. मिठाच्या पाण्यात तापलं लोखंड साध्या पाण्यापेक्षा झपाट्यानं थंड होतं; नुसत्या पाण्यात लोखंडाभोवती वाफेचं कवच धरतं, मिठानं ते टिकत नाही. एवढं तो कारखान्यात शिकला होता आणि ते बरोबरच होतं.

त्यानं अख्खं पातं लाल केलं आणि पाठीसकट बुडवलं. पहिल्या घाण्यातली दोन-तीन पाती पाण्यातच ‘टिच्’ करून तडकली. ती त्यानं कोपऱ्यात टाकली. उरलेल्यांवर त्यानं कानस चालवून दाखवली, तर कानस घसरली! पोलादावर चरा म्हणून उठेना. बघणाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. अण्णाच्या कोयत्यावर कानस थोडी तरी धरायची.

“अण्णा, तुमचा कोयता मऊ हाय,” पोरगा म्हणाला. उर्मटपणानं नव्हे, आकडा माहीत असलेल्या माणसाच्या खात्रीनं.

“परत शेक त्याला,” अण्णा म्हणाला.

“शेकलं की आकडा उतरतो.”

“उतरू दे की.”

पण तोवर गिऱ्हाइकांचा घोळका पोराच्या भट्टीकडं सरकला होता. कोयत्यामागं पन्नास रुपये जास्त, तरी रांग. शेजारच्या वैनीनं दोन घेतले, एक स्वतःला, एक नवऱ्याला. अण्णानं एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. गिऱ्हाईक स्वतः कानस लावून बघतंय, त्याला आपण काय सांगणार? शिवाय पोरगा पहिल्यांदाच कमावत होता.

इथं गोष्ट घटकाभर बाजूला ठेवून पात्याच्या पोटात डोकावू, कारण भांडण तिथं आहे.

अर्ध्या किलोच्या अशा कोयत्यात कार्बन असतो जेमतेम तीन ग्रॅम. अणू मोजले तर लोखंडाच्या पस्तीस-छत्तीस अणूंमागं कार्बनचा एक. साधं लोखंड आणि पोलाद यांत फरक करतो तो कार्बनच, हे फ्रान्समधल्या वांदरमाँद, बर्थोले आणि माँज या तिघांनी 1786 मध्ये दाखवून दिलं. पुढं मायकेल फॅरडे, जो स्वतः लोहाराचा पोरगा, हिंदुस्थानातून गेलेल्या वूट्झ पोलादाच्या मागं लागला. 1819 च्या सुमारास त्यानं त्याचं पृथक्करण केलं आणि त्याचं मर्म ॲल्युमिनियम-सिलिकॉनसारख्या कुठल्याशा मिसळीत असावं असा कयास बांधला. तो चुकला. एवढा मोठा प्रयोगी माणूस, पण त्याच्या हाताशी पोलादात काय काय आहे हे शोधायची साधनं होती. कोण कुठं बसलंय हे बघायचं साधन नव्हतं. ते दिलं क्ष-किरणांनी, 1920 च्या दशकात.

धातूतले अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांत मिळून सामाईक ठेवतात. त्यामुळं त्यांचा बंध एकाच दिशेला बांधलेला नसतो. अणूंचा एक थर दुसऱ्यावर सरकला तरी नवे शेजारी त्याला धरून ठेवतात, आणि म्हणून लोखंड वाकतं. पोरानं पिंपात टाकलेल्या मिठाचा खडा याच्या उलट. त्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन एकाआड एक बसलेले असतात. हातोडी घातली आणि थर एका घरानं सरकला की धनासमोर धन, ऋणासमोर ऋण येतं. दोघं एकमेकांना ढकलतात आणि खडा सरळ फुटतो. मीठ वाकलेलं कुणी पाहिलंय?

धातूतला थरही एकदम सरकत नाही. मोठी सतरंजी अख्खी ओढायला जोर लागतो, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पायानं पुढं ढकलत नेली तर सतरंजी सहज हलते. लोखंडातही अणूंच्या रांगेत अशी सुरकुती पडते आणि ती पुढं सरकत जाते. पोलाद कठीण करायचं म्हणजे या सुरकुतीची वाट अडवायची.

वाट अडवतो कार्बन. थंड लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसतात. या मांडणीत कार्बनला जवळपास जागाच नसते. लोखंड पुरेसं तापलं की मांडणी बदलते: मधला अणू जातो आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात. गंमत अशी की ही मांडणी जास्त दाट आहे, तरी तिच्यातल्या सांदी मोठ्या आहेत, आणि कार्बन तिथं आरामात मावतो. हळूहळू थंड होऊ दिलं तर कार्बन बाहेर पडतो, लोखंडाशी संयोग करून वेगळे पापुद्रे धरतो, आणि पोलाद मऊ राहतं. पण एकदम पाण्यात बुडवलं तर त्याला निघायला सवड मिळत नाही. लोखंड जुन्या मांडणीकडं परतू बघतं, कार्बन मध्येच अडकलेला असतो, आणि घनाचा घन न राहता एका बाजूनं ताणलेला, कोंदटलेला आकार होतो. ॲडॉल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. यात सुरकुती जवळजवळ हलत नाही. म्हणून कानस घसरते, आणि म्हणूनच घाव बसला की जोर जिरायला वाट उरत नाही. शिवाय हे होताना पोलाद किंचित फुगतं. वरचा थर आधी कडक होतो आणि आतला नंतर फुगून त्याला फाडतो. पोराच्या पिंपातलं ‘टिच्’ ते हेच. कमानपाट्याचं पोलाद ऑइलात सावकाश थंड होऊनही पुरेसं कडक होतं. खाऱ्या पाण्याची त्याला गरजच नव्हती.

ऊस तोडायचा तो जमिनीलगत, कारण बुडख्यात साखर जास्त. त्यामुळं कोयत्याचा घाव दिवसातनं कितीदा तरी मातीत जातो, दगडावर जातो. पोराच्या कोयत्यांची पहिले आठ-दहा दिवस तारीफ झाली. पाचट, वाढं, बुडखा, सगळं एका घावात. मग कुणाच्या धारेचा टवका उडाला. मग एका पहाटे, दवानं पाचट ओलं असताना, वैनीच्या नवऱ्याचा कोयता बुडख्याशेजारच्या दगडावर बसला आणि मधोमध तुटला. पुढचा तुकडा उडून त्याच्याच नडगीत घुसला.

टाके पडले. फडात उभं राहता येईना. काम नाही त्या दिवसाचा खाडा, आणि खाडा उचलीतनं कापला जातो. जोडीतला एक बसला की दुसऱ्याचंही काम अर्ध्यावर येतं, कारण तोडायचं, मोळी बांधायची, गाडी भरायची ही एकट्याची कामं नव्हेत. वैनीनं उरलेला हंगाम दुसऱ्या गावच्या लोहाराकडनं घेतलेल्या कोयत्यावर काढला.

वैशाखात माणसं परतली. वैनी एका दुपारी भट्टीवर आली, पदरातनं फडकं काढलं आणि कोयत्याचे दोन तुकडे ऐरणीवर ठेवले. आवाज चढवला नाही.

“बदलून दे म्हणत नाही,” ती पोराला म्हणाली. “खाड्याचं कोण भरणार, तेवढं सांग.”

पोरानं तुकडे हातात घेतले. तुटलेली कड बारीक रव्याची, करडी, कुठं वाकल्याची खूण नाही. “ह्याच्यावर कानस घसरत होती वैनी. तुमीच बघितलं ना?”

“बघितलं की. पण मी कानशीनं ऊस तोडत नाही, बाबा.”

अण्णा उठला. त्यानं दोन्ही तुकडे तराजूत घातले, वजन पोराला मोठ्यानं वाचायला लावलं. मग एक तुकडा बाजूला ठेवला आणि दुसरा विटेनं घासून पांढरा केला. भट्टीवर जाड लोखंडी पत्रा तापत होता, त्यावर तो ठेवला. “बघ,” एवढंच म्हणाला.

पिवळा आला. गव्हाळ, तपकिरी. पोरगा पुढं सरकला. जांभळा आला, त्यामागं मोराच्या मानेचा निळा. पोराला वाटलं, आता काढतील. अण्णानं निळाही जाऊ दिला. तुकडा करडा पडला, तेव्हा अण्णानं बाभळीची काडी त्याच्यावर घासली. काडीतनं धूर निघाला. मग सांडशीनं उचलून त्यानं तो मातीवर निवायला ठेवला.

हे रंग पोलादाच्या आतले नव्हेत. वर धरलेल्या ऑक्साइडच्या पापुद्र्याचे. तापमान चढेल तसा पापुद्रा जाड होतो आणि प्रकाश त्यात वेगळा खेळतो. साधारण सव्वादोनशे अंशाला पिवळा, अडीचशेच्या पुढं तपकिरी, 280 ला जांभळा, तीनशेला निळा. थर्मामीटर नसलेल्या माणसाचा हा थर्मामीटर, आणि तो फारसा चुकत नाही. आत काय होतं? अडकलेल्या कार्बनला थोडं हलण्याइतकी ऊब मिळते. तो कोंदटलेल्या जागेतनं निघून लोखंडाशी जमवून बारीक बारीक कण धरतो, ताणलेली मांडणी सैलावते. सुरकुतीला वाट मिळते, पण कणांना चुकवत जावं लागतं, म्हणून पोलाद थोडं मऊ पण चिवट होतं.

तुकडा निवल्यावर अण्णानं दोन्ही तुकडे पुन्हा तोलले. काटा पहिल्याच जागी. मग न शेकलेला तुकडा शेगड्यात आवळला आणि पोराच्या हातात हातोडी दिली. एका घावात तुकड्याचे दोन झाले. शेकलेल्यावर पोरानं दात-ओठ खाऊन घाव घातला. तो वाकला. दुसऱ्या घावाला आणखी वाकला, पण तुटला नाही.

“काय घातलं ह्याच्यात?” अण्णानं विचारलं.

“काहीच नाही.”

“काढलं काय?”

पोरगा गप्प.

“एवढं मऊ धारेला चालत नाही,” अण्णा म्हणाला. “हे पाठीला. धारेला तपकिरीच्या पुढं जाऊ द्यायचं नाही. एकाच पात्यात दोन्ही पायजे. तुझ्या कारखान्यात पुढच्या शेडमध्ये हेच करत असणार, नाहीतर त्यांचा माल कधीच परत आला असता.”

वैनी अजून उभीच होती. हे सगळं तिच्या कामाचं नव्हतं, आणि तिनं तसं सांगितलंही.

“खाड्याचं निम्मं त्याच्याकडनं घे,” अण्णा म्हणाला. “पाणी त्यानं पाजलंय. निम्मं माझ्याकडनं. मी शेजारी बसून बघत होतो.”

पैसे एका दमात निघाले नाहीत. पोराची मिळकत ब्लोअरमध्ये गेली होती. पोळ्यापर्यंत हप्ते चालले. ज्यांच्या कोयत्यांचे टवके उडाले होते तेही आले, आणि त्यांची पाती पोरानं फुकट शेकून, नव्यानं धार काढून दिली. पिंप त्यानं म्हशीच्या आंबोणाला देऊन टाकलं.

पुढच्या नवरात्रात त्यानं भट्टीपुढं शेगडा रोवला. प्रत्येक कोयता विकण्याआधी त्यात धरायचा, पाइप अडकवून वाकवायचा, सोडल्यावर सरळ होतो का बघायचं. मग बाभळीच्या ओंडक्यावर दहा घाव. धारेला टवका दिसला की पातं परत भट्टीत. यात दिवसाला पूर्वीच्या निम्मेच कोयते व्हायचे. आणि कानस घेऊन येणारी गिऱ्हाइकं अजूनही येतच होती. कानस थोडी धरते हे बघून त्यातली काही बाजारातल्या दुकानात जायची. तिकडं कोयता चकचकीत आणि स्वस्त मिळतो. पोरगा त्यांना अडवायचा नाही. वैनी मात्र त्या साली दोन कोयते घेऊन गेली. घेण्याआधी शेगड्यात धरून तिनं ते स्वतः वाकवून बघितले, आणि पन्नास रुपये कमी दिले.

वाचकांना एक सांगणं. घरातली विळी किंवा सुरी धारवाल्याकडं देता, तेव्हा जरा समोर उभे राहा. सुक्या ग्राइंडरवर दाबून धार काढताना पात्याच्या कडेला निळा पट्टा उठला, तर त्याला तिथंच थांबवा. तेवढ्या भागाचं पाणी उतरलेलं असतं; धार त्या दिवशी छान लागेल आणि आठवड्यात बोथट होईल. पाणी टाकत टाकत, थांबत थांबत धार काढायला सांगा. दहा रुपये जास्त मागितले तर द्या.